उचित प्रयाण

कर्नाटकात फिरणाऱ्या मराठी माणसाला कानडी लिपी वाचता येत नाही, हे एका परीने बरंच आहे. वाचता आली असती, तर सरकारी बसच्या संदर्भात त्याला 'महिळेयरिगे उचित प्रयाण' अशी अक्षरं दिसली असती आणि तो रस्त्यातच थबकला असता. ११ जून २०२३ ला इथे 'शक्ती' योजना सुरू झाली. तेव्हापासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. त्या सवलतीचं हे वर्णन. महिला, उचित, प्रयाण: तिन्ही शब्द आपल्या घरातले. अर्थ मात्र असा निघतो, की बायकांनी आता इहलोकातून निघावं हेच योग्य.

कानडीत 'उचित' म्हणजे फुकट आणि 'प्रयाण' म्हणजे प्रवास. बाकी काही नाही.

मी धारवाडात राहते. इथे मराठी घरं पुष्कळ. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत बऱ्याच जणांना मराठी थोडंफार कळतं, त्यामुळे कानडीशी तोंडओळख ठेवूनही जन्म निघू शकतो. तसा काढलेली माणसं माझ्या नात्यातच आहेत. त्यांचं एक लाडकं वाक्य आहे, "कानडी काही अवघड नाही गं, अर्धे शब्द तर संस्कृतच असतात." माझं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे. घात करतात ते हेच अर्धे शब्द. ऊट, नीरु, बागिलु हे आपल्याला कळत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण विचारतो. जेवण, पाणी, दार असं कुणीतरी सांगतं आणि प्रश्न मिटतो. संस्कृत शब्द कानावर पडला की मान डोलते आणि विचारणंच राहून जातं.

स्टेशनवर कानडी घोषणा सुरू होते ती 'प्रयाणिकर गमनक्के' अशी. प्रयाण करणाऱ्यांचं गमन म्हटल्यावर मराठी माणसाने हात जोडायचेच बाकी राहतात. प्रत्यक्षात ते 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' एवढंच आहे. गमन म्हणजे लक्ष, आणि 'दयविट्टु गमनिसि' म्हणजे कृपया लक्ष द्या. जाण्याचा शब्द लक्ष देण्याकडे कसा वळला याचं मला आधी फार नवल वाटायचं. मग एकदा स्वतःच्याच तोंडचं वाक्य ऐकू आलं, 'अगं, माझं लक्षच गेलं नाही.' आपलंही लक्ष जातंच की. आपण लक्षाला पायांनी चालवतो, कानडीने ते चालणंच लक्ष म्हणून ठेवून घेतलं.

हायवेवरच्या पाट्यांचीही अशीच तऱ्हा. 'अवसरवे अपघातक्के कारण' ही कर्नाटकातली सगळ्यात पाठ झालेली पाटी असावी. घाई हेच अपघाताचं कारण. जोडीला 'निधानवागि चलिसि', म्हणजे सावकाश चालवा. घाटाच्या वळणावर 'निधान' असं अक्षर वाचून मराठी मनाला एक काना खोडावासा वाटतो आणि पाटी जास्तच खरी होते. संस्कृतात निधान म्हणजे ठेवणं, ठेव, ठेवा. संतांच्या अभंगांतून आपल्याला तो ठेवाच माहीत. कानडीने त्यातलं खाली ठेवणं, टेकणं तेवढं उचललं असावं आणि त्याला संथपणाचा अर्थ आला. 'अवसर' तर गावोगाव वेगळ्या वेषात भेटतो. संस्कृतात तो प्रसंग, योग्य वेळ. हिंदीत संधी. तेलुगूत गरज. कानडीत घाई, कारण योग्य वेळ काही थांबून राहत नाही. आणि आपल्या कोकणात देवाचा अवसर अंगात येतो! एकच शब्द, पण कुणाला निकड लागते, कुणी घुमायला लागतं.

मग कानडीत संधीला म्हणतात काय? 'अवकाश'. नोकरीच्या जाहिरातीत, क्रिकेटच्या बातमीत, सगळीकडे अवकाश मिळतो किंवा हुकतो. आपल्याकडे अवकाश म्हणजे सवड, किंवा मग थेट वरचं अवकाश, जिथे यानं जातात. त्या वरच्याला कानडीत 'बाह्याकाश' म्हणतात. इस्रोच्या कानडी नावात हाच शब्द आहे. आणि आपली 'संधी'? ती संस्कृतात सांधा, जोड. कानडीत तिचा घासलेला अवतार 'संदि', म्हणजे दोन भिंतींमधली बोळ. 'संदिगोंदि' म्हणजे गल्लीबोळ. मराठी तरुण संधी शोधत बंगळूरला येतो तेव्हा कानडी कानांना तो बोळ शोधत आल्यासारखा वाटत असेल. बंगळूरची घरभाडी पाहता यातही फार चूक नाही.

अशा शब्दांची यादी करायला घेतली तर संपायची नाही, आणि याद्या वाचवतही नाहीत. तरी दोन-चार सोडवत नाहीत. कानडीत 'अनुमान' म्हणजे संशय. आपल्याकडे हवामान खातं पावसाचं अनुमान काढतं, इथे सासू सुनेवर अनुमान घेते. 'मर्यादे' म्हणजे मान, अब्रू. तिथे मर्यादा घालत नाहीत, देतात. 'एनु समाचार' हे रस्त्यात भेटल्यावर विचारायचं, काय हालहवाल. आपल्याकडे समाचार घेतला की समोरचा महिनाभर तोंड दाखवत नाही. 'संबळ' म्हणजे पगार. मूळ 'शंबल', वाटेसाठी बांधून घेतलेली शिदोरी. महिन्याच्या वाटेची शिदोरी म्हणून पगार, हे मला फार आवडतं. आपल्याला संबळ म्हटलं की गोंधळी आठवतो. पगार हातात आल्यावर घरोघरी जो गोंधळ होतो तो पाहता दोन्ही शब्द जवळजवळ राहायला हरकत नाही.

पण या सगळ्यांत मला अगदी मनापासून आवडलेला शब्द 'पाप'. आमच्या शेजारी एक अज्जी राहतात. मूल गुडघा फोडून घेऊन रडत आलं की त्या ओट्यावरूनच म्हणतात, "अय्यो, पाप!" नवीन मराठी आईच्या पोटात गोळाच येतो. माझ्या लेकराचं पाप कसलं? तर कानडीत पाप म्हणजे बिचारा, बापडा. म्हाताऱ्याची बस चुकली, पाप. शेजारच्या मुलीला परीक्षेत कमी पडले, पाप. संस्कृतातही पाप या विशेषणाला दुर्दैवी, दीन असा एक अर्थ आहेच. मराठीने त्याचा सगळा हिशेब चित्रगुप्ताच्या वहीत नेऊन टाकला, कानडीने तेवढी कणव काढून ठेवली. शेवटी उकार आला की 'पापु', म्हणजे तान्हं बाळ. त्यामुळे अज्जींच्या ओट्यावर पाप आणि पापु बऱ्याचदा एकाच वाक्यात येतात.

हिंदीतून येणाऱ्यांची फजिती आणखी वेगळी. कर्नाटक विद्यावर्धक संघ ही धारवाडची १८९० सालची संस्था. अशा ठिकाणी 'विशेष उपन्यास' असं लिहिलं की हिंदी माणूस कादंबरीचं प्रकाशन समजून जाईल आणि दीड तास व्याख्यान ऐकून येईल, कारण इथे उपन्यास म्हणजे व्याख्यान आणि उपन्यासक म्हणजे प्राध्यापक. कादंबरीला मात्र कानडीतही कादंबरीच म्हणतात. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आपण दोघांनी एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकलं. शिक्षा म्हणजे दंड यावरही आपलं एकमत आहे. 'शिक्षा मंत्री' हे पद ऐकून मराठी आणि कानडी माणूस एकाच वेळी हसतात.

इथवरची बहुतेक गंमत तत्सम शब्दांची. संस्कृतातून उचलले तसेच्या तसे ठेवले, रूप बदललं नाही, म्हणून ओळखीचे वाटतात. खरं नातं दुसरीकडेच आहे, आणि ते मला कळलं सुण्णबण्णामुळे.

युगादी तोंडावर आली होती. म्हणजे आपला पाडवा. अज्जींच्या घराला रंग द्यायचा होता आणि रंगारी येतो येतो म्हणून येत नव्हता. त्या मला म्हणाल्या, "हब्ब बंतु, मनिगे इन्नू सुण्णबण्ण इल्ल." सण आला, घराला अजून चुनारंग नाही. एकही शब्द संस्कृत वाटणार नाही असं अस्सल घरगुती कानडी वाक्य. पुढे रंगारी आला, त्याने पत्र्याच्या डब्यात चुना भिजत घातला, डबा फसफसायला लागला, आणि अज्जी काठी घेऊन नातवंडांना लांब ठेवत राहिल्या, "सुण्ण, सुण्ण! मुट्टबेड!" हात लावू नको. मी घरी येऊन किट्टेलचा कोश उघडला. फर्डिनंड किट्टेल या जर्मन मिशनऱ्याचा हा कोश १८९४ साली मंगळूरला छापला गेला. आपल्याकडे मोल्सवर्थ तसा इकडे किट्टेल. सुण्ण म्हणजे चूर्ण. बण्ण म्हणजे वर्ण. हब्ब म्हणजे पर्व! अज्जींच्या तेवढ्याशा वाक्यात संस्कृतातून आलेले तीन शब्द होते आणि तिघांनीही अंगावर घरचे कपडे चढवले होते.

गंमत अशी की चूर्णाचा आपणही चुनाच केला. पर्वाचं गोव्यात आणि कोकणात 'परब' झालं, दिवाळीची परब. शर्करेची त्यांनी 'सक्करे' केली, आपण साखर. पुस्तकाची त्यांच्याकडे 'होत्तिगे' झाली, आपल्याकडे पोथी. कुस्तुंबरीची तिकडे 'कोत्तंबरी', इकडे कोथिंबीर. शून्याचं 'सोन्ने' झालं, आणि आपलं डोकं जे सुन्न होतं तेही त्यातलंच. आर्य या भारदस्त शब्दाचा दोन्हीकडे शेवटी आजोबा झाला. तिकडे अज्ज, इकडे आजा. संस्कृत शब्दाला दोन्ही घरांनी शेकडो वर्षं वापरून वापरून गुळगुळीत केलंय, आणि बहुतेक वेळा अर्थाला धक्का लागलेला नाही. जो वापरात झिजला तो अर्थाला धरून राहिला. जो पोथीतून नंतर थेट उचलला, त्याने प्रत्येक प्रांतात मनाला येईल ते केलं. ही माझी अटकळ झाली. अपवाद दोन्हीकडे निघतील, पण माझ्या कानांना ती अजून तरी पटते.

हे घासलेले शब्द ओळखायची एक किल्ली आहे. जुन्या कानडीत शब्दाच्या आरंभी जो 'प' होता, त्याचा दहाव्या ते चौदाव्या शतकादरम्यान 'ह' होत गेला. पक्षी आधी पक्कि झाला, मग हक्कि. पर्व, पब्ब, हब्ब. पंपा हे तुंगभद्रेचं जुनं नाव. त्या पंपेची झाली हंपी. किल्ली हाती आल्यावर काही दिवस मी प्रत्येक ह-कडे संशयाने पाहत होते (हेच ते कानडी अनुमान). दुसरी किल्ली 'व'चा 'ब' होण्याची. वसतीची बसदि झाली, म्हणजे जैन मंदिर. वीथीची बीदि, म्हणजे रस्ता. आणि वृषभाचा बसव. मंगळवेढ्याच्या लोकांना बसवेश्वर सांगायला नकोत, पण त्या नावात नंदी बसलेला आहे हे किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे.

किल्ली हाती आली म्हणून सगळी कुलुपं उघडत नाहीत, हेही लगेच कळतं. 'हण' म्हणजे पैसा, मूळ संस्कृत पण, नाणं. इथवर ठीक. पण 'हण्णु' म्हणजे फळ, 'हणे' म्हणजे कपाळ, 'हेण' म्हणजे प्रेत आणि 'हेण्णु' म्हणजे मुलगी, बाई. ही चारही अस्सल कानडी, संस्कृताशी संबंध नाही. यातला हेण आणि हेण्णु यांच्यातला ए ऱ्हस्व. आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो लिहायची सोय नाही, त्यामुळे वहीत उतरवून घेतलेला शब्द दुसऱ्या दिवशी वेगळाच वाचला जातो. फळवाल्याकडे उभं राहून यातला एखादा णकार इकडचा तिकडे झाला तर काय होईल याची कल्पना प्रत्येकाने आपापली करावी. याच घोळक्यात 'होन्नु' आहे, सोनं. शिवरायांच्या काळचा होन तो हाच. म्हणजे देवाणघेवाण एकाच बाजूने झालेली नाही.

'कब्ब', 'कब्बु' आणि 'कब्बिण' हे असेच तिघे. कब्बु म्हणजे ऊस, कब्बिण म्हणजे लोखंड; दोन्ही या मातीतले. कब्ब मात्र काव्य, संस्कृतातूनच घासून आलेलं, आणि कवी तो 'कब्बिग'. तेराव्या शतकात आंडय्य नावाच्या कवीने 'कब्बिगर काव' असं एक अख्खं काव्य रचलं, आणि त्यात तत्सम शब्द येऊ द्यायचा नाही असा पण केला. अस्सल कानडी शब्द चालतील, संस्कृतातून आलेले चालतील ते फक्त घासून कानडी झालेले. सण म्हणजे हब्ब चालेल, पर्व चालणार नाही. आपल्याकडे भाषाशुद्धीची भांडणं झाली ती फारसी आणि इंग्रजीशी. इथे सातशे-आठशे वर्षांपूर्वी एक माणूस थेट संस्कृतालाच उंबऱ्यावर अडवून म्हणत होता, आधी हात-पाय धू, मग आत ये. मला हा आंडय्य फार जवळचा वाटतो. आज त्याचं अनुकरण कुणी करू नये, पण आपल्या जाहिराती आणि परिपत्रकं लिहिणाऱ्यांना त्याच्याकडे आठवडाभर उमेदवारीला ठेवायला हवं.

आंडय्यासारख्याला सोपं जाण्याचं एक कारण कानडीच्या उच्चारातच आहे. अस्सल कानडी शब्दांत ख, घ, थ, ध, भ जवळजवळ नाहीत. शब्दात असा महाप्राण, म्हणजे ह मिसळलेला वर्ण, दिसला की तो बहुधा बाहेरून आला असं समजावं. बोलताना तर आलेलाही पुष्कळदा गळतो. कथे लिहितात, कते म्हणतात. त्यातून 'धन' आणि 'दन' ही नेहमीची जोडी तयार होते. धन म्हणजे संपत्ती, दन म्हणजे गुरंढोरं. गोधन हा शब्द ज्या भाषांत आहे तिथे या दोघांत मोठं अंतर मानायचं कारण नाही, पण मास्तर मात्र वहीत लाल रेघ मारतात. कते म्हणताना त जरा ठासून पडला तर कत्ते, म्हणजे गाढव. आणि त चा ट झाला तर कट्टे, म्हणजे आपला गप्पांचा कट्टा. धारवाडी कानडीत महाप्राण त्या मानाने बरे टिकलेत. भाळ म्हणजे फार, खरे म्हणजे खरं. दक्षिणेकडचे लोक याचं खापर मराठीवर फोडतात आणि ते अगदीच खोटं नाही.

याच धारवाडात, साधनकेरीच्या तळ्याजवळ, द. रा. बेंद्रे राहत. घरची भाषा मराठी, काव्याची कानडी. १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंति'साठी मिळालं. नाकु म्हणजे चार, नाल्कु या शब्दाचं बोलीतलं रूप. तंति म्हणजे तार, संस्कृत तंत्री. एक पाय या मातीतला, एक संस्कृतातून चालत आलेला, आणि दोन्ही इतके घरगुती की बाजारातल्या माणसाला शीर्षक समजावून सांगावं लागत नाही. दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्यालाच शब्दांशी इतकं खेळता येत असावं.

याहून जुनी आणि माझी आवडती साक्ष श्रवणबेळगोळची. गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ आहे, हे आपण शाळेत शिकतो. तिथेच हीच गोष्ट कानडीत आहे हे शिकत नाही. कानडीत चावुंडराज तोच, क्रियापद मात्र 'माडिसिदं'. नाव सगळ्यांचं एक, करवणं ज्याचं त्याचं वेगळं. मराठीतली पुढची ओळ त्याहून बहारीची, 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. गंगराज हा बाराव्या शतकातला होयसळांचा सेनापती. त्याने मूर्तीभोवती ओवऱ्या बांधवल्या. सुत्ताले म्हणजे त्या ओवऱ्या. त्यातला सुत्तु म्हणजे भोवती, हा कानडी, आलय संस्कृत, आणि दोघांना 'करवियलें' म्हणत पुढे नेणारी मराठी. दगडावर कोरताना कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्या 'प'चा 'ह' होऊन गोष्ट संपली असं मात्र समजू नका. जुन्या कानडीतलं पाल् म्हणजे दूध. त्याचं झालं हालु. आणि मंड्या-म्हैसूरकडच्या बोलीत आता तो 'ह'ही गळतो आणि उरतं नुसतं आलु. गळलेला ह मग नको तिथे चिकटतो, विशेषतः माणूस माइकसमोर शुद्ध बोलायला लागला की. इकडे त्यावरचा ठरलेला विनोद असा, की समारंभात पाहुण्यांचं करायचं असतं 'आदरद स्वागत', आणि वक्ता मोठ्या अदबीने म्हणतो, 'हादरद स्वागत'. आदर म्हणजे आदरच, तोच तो आपला संस्कृत. हादर म्हणजे व्यभिचार. धारवाडचे लोक हा विनोद फार रंगवून सांगतात, कारण तो म्हैसूरकडच्यांवर आहे. अज्जी तर सांगताना प्रत्येक वेळी पाहुण्यांची संख्या वाढवतात.